चौथ्याची उचकी

डॉक्टर क्लाइनश्मिट कानांचे डॉक्टर.
चाळीस वर्षं वुपरटालच्या कानांत डोकावले,
आता स्वतःच्या दाराची घंटा ऐकू येत नाही.
गाडी बिघडलीय हे त्यांना पाठीनं कळलं.
"सीट सांगते," म्हणाले. "धुकं असलं की
तिसऱ्या गिअरला उचकी लागते तिला."

उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, असं मानतात.
इथं कुणी काढत नव्हतं.
पोर्शे, चंदेरी, एकवीस वर्षांची,
इंजिन मागच्या चाकांमागे दडवलेलं.
आधीच्या गॅरेजनं पेट्रोलचा पंप बदलला,
मग इंजेक्टर, मग आणखी एक बिल.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॉम्प्युटर म्हणाला: चौथा सिलिंडर.
कॉम्प्युटर नाव सांगतो, गुन्हा सांगत नाही.

म्हणून बंपर उतरवला, पत्रे काढले,
आणि संध्याकाळी सातला सगळे दिवे घालवले.
तायलान बाटलीतून पाणी फवारत होता,
रोपाला घालावं तसं, भीत भीत.
इंजिन चालू. मी खाली, मान वाकडी करून.
आणि दिसली:
कॉइलच्या काळ्या अंगावरून सरपटत जाणारी
केसाएवढी निळी वीज.
प्लगपर्यंत जायचं सोडून
भेगेतून निसटत होती,
शेजारच्या धातूत मुरत होती, गुपचूप,
दर फेऱ्याला थोडी थोडी.

"एकच बदलायची?" तायलाननं विचारलं.
सहाही. सहाही जणी एकाच सायलेन्सरशेजारी
भाजल्यात इतकी वर्षं.
एकीनं तोंड उघडलं, एवढंच.

दुसरा दिवस गंजाचा.
पाचव्या कॉइलचा स्क्रू तेल पिऊन पिऊन सुटला,
सहाव्याचा सुटेना.
तिथं डोळा पोचत नाही. हात पोचतो,
तोही मनगट सोलून घेऊन.
बोटांनीच पाहायचं: खाच कुठं, कड कुठं,
किल्ली बसली की नुसती बसल्यासारखी वाटतेय.
बाहेर नदीवरून टांगती रेल्वे गेली,
गॅरेज किंचित थरथरलं,
किल्ली हातातून सुटली, आणि मी
आजोळची एक शिवी दिली, जी तायलानला
समजली नाही पण आवडली.

स्क्रू साडेचारला सुटला.
नवीन कॉइल बसवताना रबराची मान
प्लगवर सरकते तेव्हा हलकासा विरोध,
मग होकार.
दहा न्यूटन-मीटर. त्याहून जास्त नाही,
जोर दाखवायची ही जागा नव्हे.
वरून जोडणी: टक्.
सहा वेळा टक्.

डॉक्टर आले. ट्रेमधली जुनी कॉइल उचलली,
खिशातून पेनएवढी बॅटरी काढली
(निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी बाळगतात),
आत प्रकाश टाकला, फिरवून फिरवून पाहिली.
"हं," म्हणाले. "पडदा फाटलाय."
आणि चौथी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मग दोन्ही तळवे गाडीच्या पाठीवर ठेवले.
मी किल्ली फिरवली.
त्यांनी डोळे मिटले.
सहा ठोके वेगवेगळे मोजता येत नाहीत,
मला ठाऊक आहे, त्यांनाही असावं.
तरी म्हणाले, "सगळे हजर."

पैसे रोख दिले, सुट्यांसकट.
गेले.

तेव्हा ट्रेमध्ये एक स्क्रू उरलेला दिसला.
पत्र्याचा, लहानसा. नसता तरी
वर्षभर काही बिघडलं नसतं.
पण हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.
तायलान धावला. हाका मारत, पुलापर्यंत.
हाका कुणाला?
सिग्नल लाल होता. त्यानं धापा टाकत
गाडीच्या मागच्या पत्र्यावर
पालथी मूठ हाणली, एकदाच.

लांबून पाहिलं मी:
डॉक्टरांची पाठ ताठ झाली,
आणि खिडकीची काच खाली आली.